परीक्षकाच्या खुर्चीतून एक गुन्हेपट : पत्रापासून शेवटच्या शेऱ्यापर्यंत

पत्र डिसेंबरच्या मध्यावर आलं. विदर्भातल्या नवोदित दिग्दर्शकांच्या पूर्ण लांबीच्या चित्रपटांची स्पर्धा, तीन परीक्षक, बैठक फेब्रुवारीत नागपुरातच. या शहरात नाटकांचं परीक्षण करणारी माणसं पुष्कळ आहेत, पण चित्रपटाचं काम वेगळं निघतं. त्यातही एका चित्रपटाने आम्हा तिघांचा घाम काढला. सव्वादोन तासांचा गुन्हेपट, आवाका मोठा, हिंमत दांडगी आणि जागोजागी घसरलेला. पहिल्यांदा परीक्षक झालेल्या माणसाला अशा चित्रपटासमोर नेमकं काय करायचं ते कुणी सांगत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. चित्रपटाचं नाव देत नाही. गोपनीयतेच्या पत्रावर सही केलेली आहे आणि चित्रपट अजून लोकांसमोर यायचा आहे.

आधी कागद. संमतीपत्र, हितसंबंध नसल्याचं घोषणापत्र, पॅन कार्डाची प्रत आणि रद्द केलेला धनादेश एवढं मागितलं होतं. यातलं घोषणापत्र सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक तेच न वाचता सही करून मोकळे होतात. सही करण्याआधी प्रत्येक चित्रपटाची कलाकार-तंत्रज्ञांची पूर्ण यादी मागून घ्या. नागपूरचं नाट्यवर्तुळ लहान आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्ताने कुणी ना कुणी कुणासोबत काम केलेलंच असतं. फॉर्ममध्ये फक्त ‘नातेवाईक’ असं विचारलेलं असलं तरी एकत्र काम केलं असेल तर वेगळ्या कागदावर लिहून द्यावं. आमच्यातल्या एकांनी तसं दिलं आणि त्या एका अभिनेत्याच्या बाबतीत त्यांनी गुण दिले नाहीत. नंतर कुणाला बोट ठेवायला जागा उरली नाही. मानधनाबद्दल पहिल्यांदाच जाणाऱ्यांना धाकधूक असते, तर एवढं लक्षात ठेवा : एका आर्थिक वर्षात एकाच संस्थेकडून व्यावसायिक मानधन ५० हजारांच्या वर गेलं तर १० टक्के टीडीएस कापतात. स्पर्धांचं मानधन त्याच्या आसपासही नसतं, तरी पॅन मागतातच.

मग वाट पाहणं. लिंक येणार होती वर्षअखेरीस, आली जानेवारीचा दुसरा आठवडा उलटल्यावर, आणि ७२ तासांत बंद होणारी. पडद्यावर तिरपं, फिकट अक्षरात परीक्षकाचं नाव छापलेलं असतं, म्हणजे फाइल बाहेर गेली तर कुणाकडून गेली ते कळावं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बघायचा विचार सोडून द्या. चांगल्या दर्जाची सव्वादोन तासांची फाइल साधारण ५ जीबी डेटा खाते, रोजच्या दोन जीबीच्या पॅकमध्ये ती मध्यंतराच्या आधीच अडकते. टीव्हीवर बघणार असाल तर ‘व्हिव्हिड’ मोड आणि हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा. लॅपटॉप असेल तर आपोआप बदलणारी प्रकाशमात्रा आणि रात्रीचा पिवळा उजेड बंद करा. आवाज हेडफोनवरच ऐका.

एवढं सगळं का, तर गुन्हेपट अर्धाअधिक अंधारात घडतो. या चित्रपटात विहिरीवरचा रात्रीचा एक लांबलचक प्रसंग आहे. लिंकवर तो नुसता काळा चिखल दिसत होता. इथे घाईने ‘छायांकन कमकुवत’ असं लिहायचं नाही. काळ्या भागात चौकोनी ठिगळं हलताना दिसली तर दोष फाइल दाबण्याचा असतो. काळा भाग सलग, स्वच्छ आहे आणि तरी चेहरे सापडत नाहीत, तर दोष प्रकाशयोजनेचा. आम्हाला ठिगळं दिसली, म्हणून आयोजकांना लेखी कळवलं की हा चित्रपट सभागृहात दाखवावा. सीताबर्डीजवळच्या एका पडद्यावर पहिला खेळ सुरू होण्याआधीची सकाळची वेळ मिळाली. डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहासाठीची डिजिटल प्रत, लावल्यावर त्याच प्रसंगात विहिरीच्या काठावरचं शेवाळ दिसलं, हवालदाराच्या हातातली बॅटरी कुठे रेंगाळते ते दिसलं, आणि मागे डावीकडून येणारा पंपाचा आवाज ऐकू आला. तो आवाज कथेत पुराव्याचं काम करतो. दोन चॅनलच्या लिंकवर तो बाकीच्या गोंगाटात बुडाला होता. छायांकन आणि ध्वनी यांचे गुण लिंकवर देऊ नयेत, हा माझा ठाम आग्रह आहे.

चित्रपटाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र नव्हतं. परीक्षकांपुरत्या खेळाचं निभावतं, पण महोत्सवात लोकांना दाखवायचं तर आयोजकांना माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते, आणि चित्रपटगृहात लावायचा तर प्रमाणपत्राला पर्याय नाही. २०२४ च्या नियमांपासून यूए, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या, गटामध्ये ७+, १३+ आणि १६+ असे तीन टप्पे झाले आहेत. बैठकीत ‘हे दृश्य कापायला लावतील’ असं कुणीतरी म्हणतंच. तो विषय परीक्षकाचा नाही. समोर जे आहे त्यालाच गुण द्यायचे.

आता कथा, कळेल इतपत. हुडकेश्वरच्या पलीकडचं एक ले-आउट. सातबारा शेतीचा, एनए (बिगरशेती) झालेलं नाही, नागपूर सुधार प्रन्यासचं आरएल (मंजुरीचं पत्र) नाही, तरी स्टॅम्प पेपरवर भूखंड विकलेले. एकच भूखंड चार कुटुंबांच्या नावावर. ले-आउटच्या सोसायटीचा म्हातारा कारकून तिथल्याच विहिरीत मेलेला सापडतो. तपास एका महिला उपनिरीक्षकाकडे. कथा २००९, २०१७ आणि २०२५ अशा तीन काळांत फिरते आणि तिन्ही काळांत ती जमीन वेगळी दिसते : आधी तुरीचं शेत, मग चुन्याने आखलेले चौकोन, मग अर्धवट उभी घरं. विदर्भातल्या किती घरांच्या आयुष्यभराच्या पुंज्या अशा चौकोनांत अडकल्या आहेत, ते इथे वेगळं सांगायला नको. खुनाच्या कथेला या विषयाचा पाया द्यावा, हे एका नवख्या दिग्दर्शकाला सुचलं आणि त्याने ते निम्म्याहून जास्त पेललं. पुढे जे काही दोष लिहिणार आहे ते या वाक्याच्या उजेडात वाचावेत.

पहिल्यांदा बघताना काहीच लिहू नये. वही बंद. फक्त कुठे लक्ष उडालं ती वेळ मनात ठेवायची, कारण तेवढी एकच गोष्ट दुसऱ्यांदा बघताना मिळत नाही. दुसऱ्या वेळी मात्र थांबत थांबत तक्ता भरायचा. रकाने चारच : वेळ, प्रेक्षकाला काय नवं कळलं, पात्रांपैकी कुणाला कळलं, आणि त्यामुळे पुढे काय बदललं. सव्वादोन तासांच्या चित्रपटाचा तक्ता सहज सात-आठ पानं होतो. कंटाळवाणं काम आहे, पण ‘मधे रेंगाळतो’ या मोघम शेऱ्याला पत्ता मिळतो तो इथेच. आमच्या तक्त्यात पहिली ४० मिनिटं चारही रकाने भरलेले होते. सत्तराव्या मिनिटापासून पंचाण्णवाव्यापर्यंत दुसरा रकाना जवळजवळ कोरा. प्रेक्षकाला जे आधीच ठाऊक आहे ते पोलिसांना कळण्यात ती २५ मिनिटं जातात. दोष संकलनाचा वाटतो, पण मुळात पटकथेचा आहे. कापायला घेतलं तर हातात जोडण्यासारखं दुसरं काही नाही.

गुन्हेपटाची दुसरी कसोटी प्रामाणिकपणाची. उलगडा होण्यासाठी लागणारी प्रत्येक गोष्ट उलगड्याच्या आधी पडद्यावर येऊन गेलेली हवी. प्रेक्षकाच्या लक्षात आली नाही तर चालेल, दाखवलीच नाही हे चालणार नाही. इथे खुनी म्हणजे कारकुनाचा जावई. त्याला पकडून देते ती पावतीवरच्या शिक्क्यातली तारीख, आणि ती पावती विसाव्या मिनिटाला उपनिरीक्षकाच्या हातात पूर्ण पडदाभर दिसते. निम्मे गुण तिथेच मिळाले. पंपाचा आवाजही आधी आहे. पण खुनाचं कारण, म्हणजे जावयाने सासऱ्याच्या नावावर उचललेलं कर्ज, पहिल्यांदा समोर येतं ते शेवटच्या सहा मिनिटांच्या फ्लॅशबॅकमध्ये. ‘कसा’ प्रामाणिक, ‘का’ लपवलेला. ही चूक नव्या लेखकांकडून सर्रास होते, कारण खुनाचा हेतू आधी दाखवला तर खुनी ओळखू येईल अशी भीती असते. त्यावर उपाय कारण लपवणं हा नाही. तेच कारण आणखी दोघांना द्यावं. कर्जात बुडालेली माणसं या ले-आउटमध्ये कमी नव्हती.

यानंतर तपशिलांची छाननी. आमच्यात एक वकील सर होते, त्यामुळे हे लवकर आटोपलं. नसतील तर एखाद्या फौजदारी वकिलाला किंवा निवृत्त अधिकाऱ्याला चित्रपटाचं नाव न सांगता प्रश्न विचारावेत. आमची पद्धत अशी : चूक सापडली की पुढचा प्रश्न, या चुकीवर कथा टेकली आहे का? टेकली नसेल तर नोंद करून सोडून द्यायची.

उदाहरणार्थ, २०२५ मधल्या खुनाच्या एफआयआरवर कलम ३०२ लिहिलेलं दिसतं. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तेव्हा कागदावर कलम १०३ हवं. हवालदाराच्या तोंडी ‘तीनशे दोन’ असणं मात्र अगदी बरोबर, सवयी कायद्यासोबत बदलत नाहीत. गुण कापले नाहीत. व्हिसेराच्या, म्हणजे तपासणीसाठी मृतदेहातून काढलेल्या अवयवांच्या, बाटलीवर फॉर्मॅलिनचं लेबल आहे. विषाच्या तपासणीसाठी व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, फॉर्मॅलिनमुळे विषाची तपासणी बिघडते. इथे विषाचा मुद्दाच नाही, तेव्हा तेही सोडलं. डॉक्टर मात्र विहिरीवर उभं राहून मृत्यूची वेळ सांगतात, ‘रात्री अकरा ते साडेअकरा’, आणि जावयाची त्या वेळची हजेरी हाच पुढच्या अर्ध्या तासाचा आधार. प्रसंग मे महिन्यातला आहे. नागपूरच्या मे महिन्यात हवा शरीराइतकी किंवा जास्त तापते, तेव्हा मृतदेह थंड होण्यावरून वेळ काढता येत नाही. शरीराचा ताठरपणाही उन्हाळ्यात लवकर येतो आणि लवकर जातो. कितीही अनुभवी डॉक्टर असो, जागेवर अर्ध्या तासाची खिडकी देणार नाही. इथे कथा टेकली आहे, म्हणून गुण गेले.

मेट्रोचंही असंच. २०१७ मधल्या प्रसंगात सीताबर्डीवरून मेट्रोची गाडी जाताना दिसते. प्रवासी सेवा सुरू झाली मार्च २०१९ मध्ये. एरवी एवढ्यावर कुणी गुण कापणार नाही, पण या चित्रपटात काळ बदलल्याची पाटी येत नाही. रस्ते, घरं, गाड्या यांवरूनच प्रेक्षकाने काळ ओळखायचा असतो. पाटी न देण्याचा निर्णय मला मनापासून आवडला. पण तो घेतला की फ्रेममधली प्रत्येक वस्तू घड्याळ होते, आणि नागपूरचा प्रेक्षक ती गाडी बघून स्वतःला २०२५ मध्ये समजतो. पुढची दहा मिनिटं त्याचा गोंधळ उडतो.

सगळ्यात हळहळ वाटली ती शेवटाची. जावई कोठडीत उपनिरीक्षकापुढे कबुली देतो आणि चित्रपट संपतो, जणू खटला जिंकला. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. आधी साक्षीपुराव्याच्या कायद्यात हे कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमात कलम २३. पण आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. आणि या चित्रपटात वस्तू आहे! कबुलीच्या आधी दोन मिनिटं तो दडवलेलं रजिस्टर कुठे आहे ते सांगतो. त्या जागेवर पंच, रजिस्टर काढणं, पंचनामा आणि मग काहीही न बोलता उभा असलेला जावई, हा शेवट हातात तयार होता. दिग्दर्शकाने रजिस्टर एका वाक्यात उरकलं आणि फ्लॅशबॅकसकट सहा मिनिटांचं भाषण ठेवलं.

अभिनयाकडे येतो. इथे आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला.

गुन्हेपटातला अभिनय तपासायचा तर ते पात्र त्या क्षणी काय जाणतं आणि काय लपवतं हे आधी लिहून काढावं लागतं. त्याशिवाय ‘छान केलं’ याला अर्थ नाही. मग महत्त्वाचे प्रसंग एकदा आवाज बंद करून बघायचे आणि एकदा पडद्याकडे पाठ करून ऐकायचे. दोन्हींत वेगवेगळी माणसं भेटतात. नव्या चित्रपटांत आवाज बऱ्याचदा नंतर डब केलेला असतो. उघड्या शेतात आणि बंद खोलीत आवाज सारख्याच अंतरावरून येत असेल तर समजावं. मग शरीर एका दिवसाचं आणि आवाज तीन महिन्यांनंतरचा, आणि दोन्हींचे गुण एकत्र करून चालत नाही.

उपनिरीक्षकाचं काम करणारी अभिनेत्री पहिल्या तासात सपाट वाटली. तिघांनाही. आवाज बंद केल्यावर मात्र वेगळंच दिसलं. ती थकवा करते आहे, आणि तो थकवा वाढत जातो. खुर्चीत बसण्याची पद्धत बदलते, टोपी टेबलावर ठेवण्याची जागा बदलते. मग तिचे संवाद कागदावर उतरवले, तर त्या तासात तिच्या वाट्याची जवळपास सगळी वाक्यं प्रश्नार्थक. ‘तुम्ही कुठे होता?’, ‘किती वाजता?’, ‘कुणी पाहिलं?’ सतत प्रश्नच विचारणाऱ्या पात्राला आवाजात चढउतार दाखवायला जागा नसते. हा दोष लेखणीचा, तिचा नाही. तिला जागा मिळाली तिथे तिने सोनं केलं. विहिरीवरच्या पंचनाम्यात एक पंच सही करायला कचरतो, चारपैकी एका भूखंडावर त्याचाही दावा असतो. ती त्याला समजावत नाही, दमही देत नाही. पॅड त्याच्यासमोर धरते, पेनाचं टोपण काढून पेनाच्या मागे लावते, आणि दुसऱ्या हाताने कागदाचा कोपरा वाऱ्याने उडू नये म्हणून अंगठ्याने दाबून ठेवते. तो सही करेपर्यंत अंगठा हलत नाही. नंतर कागदावर घामाचा गोल उमटलेला दिसतो. पोलीस ठाण्यात वर्षं काढलेल्या बाईचे हात असेच असतील, याची खात्री पटते.

हवालदाराचं काम पडद्यावर जेमतेम १९ मिनिटं. सबंध चित्रपटात नागपूरचं बोलणं नागपूरसारखं बोलणारा तो एकच. बाकीच्यांनी प्रमाण मराठीत मधून मधून ‘काऊन’ आणि ‘बे’ पेरले आहेत. बोली अशी शब्द टाकून येत नाही, ती क्रियापदात असते. हवालदार विहिरीत डोकावून म्हणतो, ‘एवढ्याशा पान्यात मानूस बुडते कसा मॅडम?’ आणि त्या ‘बुडते’वर जोर नाही, विनोद नाही, नुसता प्रश्न आहे. पुढे मोबाइलवर बायकोशी बोलताना तोच ‘येऊनच राहिलो ना’ म्हणतो, ठाणेदारांसमोर एकदम सावरून बोलतो, आणि आरोपीशी हिंदीत उतरतो. एकाच माणसाच्या तीन भाषा, आणि बदलताना सांधा दिसत नाही. परीक्षकाने बोलीचे गुण देताना हे बघावं : पात्र कुणाशी बोलतं आहे त्याप्रमाणे भाषा बदलते का.

भूखंड विकणाऱ्या डेव्हलपरची भूमिका एका मुरलेल्या रंगकर्मीने केली आहे. पहिल्या निम्म्यात तो जबरदस्त. स्टॅम्प पेपर मोजताना तो नोटांसारखे मोजतो, समोरच्याकडे बघतही नाही. पण ९६ व्या मिनिटाला चौकशीत तो जो फुटतो, ते शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी आहे, आणि कॅमेरा त्याच्यापासून हातभर अंतरावर. अति झालं हे नक्की. पण कुणाचं अति? आम्ही तो प्रसंग शॉटनिहाय पाहिला. सुरुवातीच्या दूरच्या शॉटमध्ये तोच संवाद त्याने दबक्या आवाजात सुरू केला आहे. जवळचे शॉट येतात तसा आवाज चढतो, आणि नेमकं प्रत्येक चढावर पार्श्वसंगीत वाढवलं आहे. म्हणजे त्याच्याकडे दबका सूर होता, निवडला गेला चढा. आमच्यातल्या संकलक ताई म्हणाल्या, ‘त्यानं दोन्ही दिलं असेल, खोलीत बसून निवडलंय दुसऱ्यानं.’ हे सिद्ध करता येत नाही, पण दूरच्या शॉटचा पुरावा होता, म्हणून तिथले गुण दिग्दर्शनातून जास्त आणि अभिनयातून थोडे कापले.

आणि जावई. छुप्या खुन्याची भूमिका दुसऱ्यांदा बघितल्याशिवाय तपासूच नये. माझा नियम साधा आहे. इतरांसमोर असताना खुन्याने निरपराध असल्याचा आव आणणं रास्त, कारण ते पात्रच तसं करेल. फ्रेममध्ये एकटा असताना तो आव कायम राहिला तर मात्र तो प्रेक्षकाची फसवणूक करतो. पस्तिसाव्या मिनिटाला मेडिकल कॉलेजच्या शवागाराबाहेरून निघाल्यावर जावई ऑटोत एकटा रडतो. पहिल्यांदा ते दुःख वाटलं. दुसऱ्यांदा बघताना आमची जुंपली. वकील सरांचं म्हणणं, ही लबाडी आहे. मला तसं वाटलं नाही. तो रडताना एकदाही डोळे पुसत नाही, आणि ऑटोवाल्याने आरशात पाहिल्याबरोबर रडणं थांबवत नाही, उलट चेहरा आरशाकडे नीट वळवतो. म्हणजे अश्रू खरे असतील, पण ते कुणीतरी पाहावेत असंही त्याला वाटतं. दोन्ही अर्थ एका चेहऱ्यावर सांभाळणं फार कठीण असतं. सरांनी तो प्रसंग परत लावायला सांगितला आणि मग त्यांनी आपले गुण वाढवले. मतभेद असला की वाद घालत बसण्यापेक्षा प्रसंग पुन्हा लावावा, हे आयोजकांना आधीच सांगून ठेवा. बैठकीच्या खोलीत पडदा आणि फाइल तयार हवी.

बैठक फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. अडचण गुणपत्रिकेचीच होती. पटकथा, दिग्दर्शन, अभिनय, छायांकन-ध्वनी, संकलन, प्रत्येकी दहा गुण. समजा एका नीटनेटक्या, बेताच्या चित्रपटाला पाचही ठिकाणी ७ मिळाले, बेरीज ३५. आपल्या गुन्हेपटाला पटकथेत ४, दिग्दर्शनात ८, अभिनयात ९, छायांकन-ध्वनीत ९ आणि संकलनात ४, बेरीज ३४. नीटनेटका जिंकतो. बेरीज नेहमीच धोका न पत्करणाऱ्याच्या बाजूने झुकते. दुसरी गोष्ट, एक परीक्षक सगळ्यांना ६० ते ७० टक्क्यांमध्ये ठेवतो, दुसरा ३५ पासून ८८ टक्क्यांपर्यंत जातो. बेरीज केली तर निकाल दुसराच ठरवतो, पहिला असून नसल्यासारखा. यावर आम्ही दोन गोष्टी केल्या. प्रत्येकाने आपापल्या गुणांवरून चित्रपटांचा क्रम लावला आणि क्रमांकांची बेरीज घेतली. त्यामुळे तिघांचं वजन सारखं झालं. आणि प्रत्येक चित्रपटासाठी दोन ओळी लिहिल्या : काय करू पाहिलं, आणि त्यातलं किती जमलं. हा बदल आयोजकांकडून बैठकीआधी लेखी मंजूर करून घेतला. गुण समोर आल्यावर पद्धत बदलली तर ती कितीही योग्य असली तरी संशय येतो.

त्यानंतरही गुन्हेपट पहिला आला नाही, आणि यायला नको होता, असं माझं मत आहे. मोठा आवाका हा चित्रपट जास्त काळजीने बघण्याचं कारण आहे, गुणांची सवलत नव्हे. पटकथेतल्या २५ कोऱ्या मिनिटांकडे आणि लपवलेल्या कारणाकडे डोळेझाक करून त्याला पहिला क्रमांक दिला असता, तर ज्याने आपली पटकथा दहा वेळा घासून आणली त्याच्यावर अन्याय झाला असता. हवालदाराला सहायक अभिनयाचा पुरस्कार एकमताने, छायांकनाचा बहुमताने, आणि दिग्दर्शकाचा विशेष उल्लेख. मुख्य भूमिकेच्या पुरस्कारासाठी उपनिरीक्षक अगदी थोडक्यात मागे राहिली, याची रुखरुख मला आहे.

शेवटचं काम निर्मात्या-दिग्दर्शकाला द्यायच्या एका पानाच्या शेऱ्याचं. सगळीकडे मागत नाहीत, पण मागितला तर टाळू नये. यात विशेषणं नकोत, वेळा हव्यात. ‘दुसरा भाग सैल’ लिहून त्यांना काही कळत नाही. ‘७० ते ९५ मिनिटं : प्रेक्षक पोलिसांच्या पुढे आहे, त्याला नवं काही द्या’ यावर काम करता येतं. चांगल्या जागाही वेळेसकट लिहाव्यात, नाहीतर दुरुस्तीच्या भरात त्याच कापल्या जातात. आम्ही पंचनाम्याच्या आणि ऑटोच्या प्रसंगापुढे ‘हात लावू नका’ असं स्पष्ट लिहिलं. पान आयोजकांच्या मार्फतच पाठवावं, थेट फोन करू नये.

मार्चच्या सुरुवातीला दिग्दर्शकाकडून आयोजकांमार्फत एकच प्रश्न आला : वितरक २० मिनिटं कमी करायला सांगतात, कुठून करू? उत्तर तक्त्यात होतंच. शेवटचा सहा मिनिटांचा फ्लॅशबॅक पूर्ण काढा, रजिस्टर सापडण्याचा पंचनामा दोन मिनिटांत चित्रित करून तिथे जोडा, कर्जाची गोष्ट तिसाव्या मिनिटाच्या आसपास जावयासोबत आणखी एका भूखंडधारकाच्याही तोंडी द्या. मेट्रोची गाडी त्या फ्रेममधून पुसून घ्या, नुसते खांब राहू द्या. बाकीची मिनिटं ७० ते ९५ मधून निघतील, मात्र हवालदाराचा बायकोला केलेला फोन त्याच भागात आहे, तो ठेवा.